नारायण पेठेतील जुन्या इमारतीचे नळकाम : प्रकल्प नोंदी

20 नोव्हेंबर 2023

नरकचतुर्दशीला पहाटे साडेपाचच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावरील चारही सदनिकांचे नळ एकाच वेळी कोरडे पडले आणि अभ्यंगस्नानाचे पाणी लोकांना तळमजल्यावरून बादल्यांनी वर न्यावे लागले. त्यानंतर झालेल्या कार्यकारिणीच्या बैठकीत हे काम माझ्याकडे आले. कारखान्यात यंत्रदेखभालीत नोकरी झाली असल्याने मला नळ समजतात असा सभासदांचा समज आहे, आणि तो निम्माच खरा आहे.

आमची इमारत 1969 सालची, तळमजला अधिक दोन मजले, बारा सदनिका. येथे पूर्वी वाडा होता आणि 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुरात त्याच्या मातीच्या भिंती विरघळल्या, असे सर्वांत जुने सभासद सांगतात. सध्याचे बांधकाम भारवाही विटांच्या भिंतींचे असून नळ जस्तलेपित लोखंडाचे, म्हणजे ज्याला सगळे जीआय म्हणतात त्याचे, आणि मैलापाण्याचे उभे नळ बिडाचे आहेत. नळकामाचा नकाशा संस्थेच्या दप्तरात नाही. 54 वर्षांत झालेल्या दुरुस्त्यांची बिले मात्र आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांवर ‘नळदुरुस्ती’ एवढाच एक शब्द आहे.

आज पहिले मोजमाप घेतले. गच्चीवरची टाकी पूर्ण भरलेली असताना दुसऱ्या मजल्यावरील स्वयंपाकघराच्या नळाखाली 20 लिटरची बादली भरायला 6 मिनिटे 40 सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला 3 लिटर. तळमजल्यावर तीच बादली पावणेतीन मिनिटांत भरली.

26 नोव्हेंबर 2023

रविवारच्या बैठकीत गच्चीवर दाब वाढवणारा पंप बसवावा, अशी सूचना आली आणि ती बऱ्याच जणांना पटलीही, कारण पंप एका दिवसात बसतो आणि कोणाच्या घरात फोडाफोड होत नाही. मी विरोध केला आणि तो का केला हे येथे लिहून ठेवतो.

टाकीचा तळ गच्चीपासून सव्वा मीटर उंच आहे. तेथून दुसऱ्या मजल्यावरील स्वयंपाकघराच्या नळापर्यंत उभे अंतर 3 मीटरच्या थोडे वर, तर तळमजल्याच्या नळापर्यंत सव्वानऊ मीटर भरते. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलो होतो, या हिशेबाने आमच्या नळांनी 54 वर्षांत एक किलोसुद्धा दाब पाहिलेला नाही. आतून पोखरलेल्या आणि गंजाच्या खपल्यांनीच धरून ठेवलेल्या नळांवर अचानक दीड-दोन किलोचा दाब आणला, तर पाणी वाढण्याच्या आधी गळती वाढेल आणि सुटलेल्या खपल्या प्रत्येक तोटीच्या जाळीत येऊन बसतील. शिवाय दाब कमी असता, तर तो 1969 मध्येही कमीच असता, कारण टाकीची उंची बदललेली नाही. पाणी कमी झाले याचा अर्थ वाट अरुंद झाली. पंपाचा निर्णय तूर्त पुढे ढकलण्यात आला.

3 डिसेंबर 2023

मिस्त्रींना बोलावून गच्चीवरून उतरणाऱ्या नळाचा, पहिल्या आडव्या वळणाजवळचा, फूटभर तुकडा कापून घेतला. पाऊण इंची नळाचा आतला व्यास मुळात सुमारे 21 मिलिमीटर असतो. कापलेल्या तोंडाशी कॅलिपर लावला तेव्हा मोकळी वाट 10 मिलिमीटर भरली आणि तीही मधोमध नव्हती. बाकीची जागा तपकिरी-काळ्या गंजाच्या गाठींनी व्यापलेली होती.

नळातील प्रवाह व्यासाच्या साधारण 2.63 व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे व्यास 21 वरून 10 वर आला की तेवढ्याच दाबाला पाणी निम्मे न होता जवळजवळ सातव्या भागावर येते, आणि खडबडीत पृष्ठभागामुळे त्याहूनही घटते. हा तुकडा मी पुढच्या बैठकीत टेबलावर ठेवला. पंपाचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही.

असे का होते हेही सभासदांना सांगावे लागले. जस्ताचा लेप लोखंडाच्या आधी स्वतः झिजतो आणि तो संपेपर्यंत लोखंड वाचते. धरणाचे पाणी तुलनेने मृदू असल्याने नळाच्या आत चुन्याचा संरक्षक थर फारसा बसत नाही. जोडासाठी आटे पाडताना नेमक्या त्याच जागी जस्त खरवडले जाते आणि नळाची जाडीही कमी होते, म्हणून पहिली गळती बहुतेक वेळा आट्यांशी होते. गरम पाण्याच्या नळात प्रकार आणखी वेगळा आहे. साधारण 60 अंशांच्या वर काही प्रकारच्या पाण्यात जस्त आणि लोखंड यांचे नाते उलटते, जस्त लोखंडाला वाचवण्याऐवजी लोखंडच झिजू लागते. आमच्या इमारतीत गिझरपासून मोरीपर्यंतचे नळ सर्वांत आधी, काही ठिकाणी दोनदा, बदलावे लागले होते, त्यामागे हे एक कारण असावे.

डक्टमध्ये, म्हणजे उभे नळ जातात त्या बोळकांडीत, अलीकडच्या दुरुस्त्यांचे काही तुकडे दिसले आणि त्यांवर पिवळा पट्टा होता. जीआय नळांत पिवळा पट्टा हलक्या, निळा मध्यम आणि लाल जड वर्गाचा असतो. स्वस्तातला हलका नळ वापरला गेला, आणि नवे जस्त जुन्या गंजक्या लोखंडाला जोडले की ते त्याच्यासाठी झिजत राहते, म्हणून दहा वर्षांची ही ठिगळे मूळ नळाच्या आधी सडली आहेत.

11 डिसेंबर 2023

तीन दिवस नकाशा तयार करण्यात गेले. प्रत्येक सदनिकेचा स्टॉप कॉक, म्हणजे पाणी तोडायची चावी, एकेक करून बंद करायचा आणि कोणाच्या घरचे पाणी गेले ते विचारायचे, अशी साधी रीत होती. बारापैकी चार कॉक फिरलेच नाहीत आणि एकाची मूठ मिस्त्रींच्या हातात आली. पहिल्या मजल्यावरच्या एका घराचे न्हाणीघर शेजारच्या घराच्या नळावर चालते, ही गोष्ट दोन्ही कुटुंबांना आज प्रथमच कळली.

याच दरम्यान तळमजल्यावरील एका न्हाणीघराच्या छताची ओल तपासली. छताला लोणा लागून पोपडे सुटले होते आणि दोन वर्षांपासून खालचे कुटुंब वरच्या कुटुंबाला दोष देत होते. ओल पिण्याच्या नळाची की सांडपाण्याची, हे आधी ठरवणे आवश्यक होते. वरच्या न्हाणीघरातील जाळी बंद करून फरशीवर दोन इंच पाणी साठवले, त्यात कपड्यांची नीळ घातली आणि 24 तास ठेवले, पण खाली निळा थेंब आला नाही. त्यानंतर वरच्या घराचा कॉक दोन दिवस बंद ठेवला, तेव्हा खालच्या छताचे टपकणे थांबले. सांडपाण्याची गळती वापराच्या वेळेपुरती असते, भरलेल्या नळाची गळती रात्रंदिवस चालते. तेव्हा दोष फरशीखालच्या नळाचा होता आणि वरच्या कुटुंबाने घरातल्या फरशा दोनदा बदलण्याचा खर्च विनाकारण केला होता.

फरशी एका कोपऱ्यात उचलली. शहाबादीखाली कोळशाच्या राखेची भर निघाली. खोलगट स्लॅब भरायला त्या काळी ही हलकी आणि स्वस्त राख सर्रास वापरत असत. राखेतल्या गंधकामुळे ओल धरली की लोखंड बाहेरूनही खाल्ले जाते, आणि हा नळ दोन्ही बाजूंनी खाल्लेला होता.

17 डिसेंबर 2023

सर्वसाधारण सभा झाली. उभ्या आणि सामाईक वाहिन्या, टाकी, भूमिगत हौद आणि बिडाचे नळ संस्थेने बदलावेत, सदनिकेच्या आतील काम ज्याचे त्याने करावे, अशी विभागणी ठरली आणि ती गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींशी सुसंगत आहे. संस्थेचा वाटा प्रत्येक सदनिकेमागे 40,000 रुपये ठरला. एका सभासदाने घरातील काम करून घेण्यास नकार दिला.

4 जानेवारी 2024

आज गुरुवारी पेठेत पालिकेचे पाणी बंद होते, म्हणून जुना उतरता नळ कापण्यासाठी हाच दिवस निवडला होता. काम सकाळी साडेदहाला थांबवावे लागले. मिस्त्रींनी पहिला कट पूर्ण करून दोन्ही टोके दोन हातांत धरली आणि त्यांना झटका बसला. सुदैवाने ते लाकडी शिडीवर रबरी तळव्यांच्या चपला घालून उभे होते आणि त्यांनी हात लगेच सोडला.

वायरमन आल्यावर उलगडा झाला. इमारतीच्या जुन्या वायरिंगमध्ये बऱ्याच घरांनी गिझरची आणि स्वयंपाकघरातील सॉकेटची अर्थिंगची तार जीआय नळाला क्लॅम्पने बांधली होती. जमिनीत गेलेला लोखंडी नळ म्हणजे आयती अर्थिंग, असा त्या काळचा विचार होता. एका गिझरचे तापणारे कॉइल गळके होते आणि त्याचा प्रवाह कितीतरी महिने नळामार्गे जमिनीत जात होता. आम्ही नळ कापला आणि ती वाट मिस्त्रींच्या हातांमधून गेली.

मला हे आधी सुचायला हवे होते. प्लॅस्टिकचे नळ बसवण्याची तयारी करताना इमारतीची लोखंडी अर्थिंग आपण काढून टाकतो आहोत, हा विचार आमच्या पूर्ण अंदाजपत्रकात कोठेही नव्हता. जुन्या इमारतीत धातूचा नळ कापण्यापूर्वी टेस्टरने तपासावे आणि कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना जाड तारेने पूल बांधून घ्यावा, हे मी डक्टच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून लावले आहे.

16 जानेवारी 2024

इमारतीच्या मागील बाजूस स्वतंत्र अर्थिंगचे दोन खड्डे घेतले, प्रत्येक घरापर्यंत तांब्याची तार नेली आणि प्रत्येक वीजमीटरनंतर 30 मिलिअँपिअरचा, विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा गळती-संरक्षक बसवला. बसवल्याबरोबर तीन घरांचे संरक्षक पडले, म्हणजे दोष एका गिझरपुरता नव्हता. नळकाम बारा दिवस मागे पडले. खड्डा खणताना भाजलेल्या मातीच्या नळाचे दोन तुकडे निघाले. कात्रजहून पेशवाईत आणलेल्या पाण्याचे हौद पेठांत होते खरे, पण हे तुकडे त्या काळचे म्हणायला काहीच आधार नाही. ते वाड्याच्या मोरीचेही असतील. मी ते कपाटात ठेवले आहेत.

25 जानेवारी 2024

नवे उतरते नळ बसले. थंड पाण्यासाठी जाड भिंतीचा यूपीव्हीसी आणि गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी, असे दोन प्रकारचे प्लॅस्टिक वापरण्याचा निर्णय आहे. दोन्हींचे जोड चिकटवण्याचे सोल्युशन वेगळे असते आणि मिस्त्रींच्या साथीदाराने एका जागी एकाचे दुसऱ्याला लावले होते, तो जोड कापून पुन्हा केला.

पूर्वीप्रमाणे सर्व घरांना एकच नळ न देता मजलानिहाय तीन वेगळे नळ टाकीपासून खाली आणले आहेत. दुसऱ्या मजल्याला दाब सर्वांत कमी, म्हणून त्याचा नळ सव्वा इंची, बाकीचे एक इंची. खालच्या लोकांनी नळ सोडला की वरच्यांचे पाणी जाण्याचा प्रकार नळाच्या व्यासाइतकाच या वाटणीने सुटतो, आणि जास्तीच्या नळाचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ आहे.

प्लॅस्टिक उन्हाने लांबते, हे लोखंडाच्या सवयीच्या माणसाला पटत नाही. सीपीव्हीसीचा दहा मीटरचा नळ 30 अंशांच्या फरकाने सुमारे 19 मिलिमीटर लांबतो. मिस्त्री प्रत्येक क्लॅम्प आवळत होते. मी मधले क्लॅम्प सैल ठेवायला, म्हणजे नळ त्यांतून सरकेल असे ठेवायला, आणि गच्चीवर एक वळसा द्यायला सांगितले. त्यांनी ते केले, पण नाराजीने. उन्हाची बाजू पांढऱ्या रंगाने रंगवून घेतली. लोखंडाशी जोड आला तेथे पितळी आटे आत बसवलेलेच फिटिंग वापरले, कारण प्लॅस्टिकचे आटे सुतळी-सफेदा लावून पाइप पान्याने आवळले की ते त्याच दिवशी टिकतात आणि महिन्याभराने तडकतात.

8 फेब्रुवारी 2024

घरांच्या आतील कामात सर्वांत जास्त वाद खाचांवरून झाले. नळ भिंतीत लपलेले असावेत, अशी सर्वांची इच्छा आहे, पण आमच्या भिंती इमारतीचा भार उचलतात. वीटकामाच्या मानकाप्रमाणे उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी खाच एक षष्ठांशापेक्षा खोल नको. नऊ इंची, म्हणजे 230 मिलिमीटरच्या भिंतीत आडवी खाच 38 मिलिमीटरपर्यंत चालते, पाऊण इंची नळ वर गिलाव्यासह तेथे कसाबसा बसतो. अर्ध्या विटेच्या भिंतीत हीच मर्यादा 19 मिलिमीटर होते आणि नळच बसत नाही.

म्हणून आडवे नळ मी शक्य तेथे भिंतीवरून उघडेच नेण्याचा आग्रह धरला. चार घरांनी ऐकले. दोन घरांनी आपापले सुतार लावून त्यावर लाकडी पट्टी बसवली आणि ती चांगली दिसते. राहिलेल्या घरांत नळ छताजवळून नेऊन उभ्या खाचांनी खाली आणले. राखेतले जुने नळ उकरून काढले नाहीत. त्यांची दोन्ही टोके बंद करून ते जागीच सोडले आणि नकाशात तुटक रेषेने दाखवले.

21 फेब्रुवारी 2024

मागच्या भिंतीवरील बिडाचे नळ उतरवायला आठवडा लागला. लांबून ते धडधाकट दिसत होते, कारण रंगारी दर काही वर्षांनी दिसणारी बाजू रंगवत असे. भिंतीकडची बाजू मात्र बसवल्यापासून एकदाही रंगवली गेली नव्हती, तेथे ब्रश जातच नाही. दोन नळांना त्याच बाजूने हातभर उभी चीर होती आणि मैलापाणी भिंतीवरून ओघळत होते. पहिल्या मजल्याच्या जोडात पिंपळ रुजलेला होता. वरून जेमतेम वीतभर दिसणाऱ्या रोपाची मुळे नळाच्या आत सहा फूट उतरली होती, आणि दर पावसाळ्यात होणाऱ्या चोकअपचे कारण म्हणून आजवर वेगवेगळ्या घरांतील सुना आणि भाडेकरू यांना धरले जात असे.

जोड सुतळी ठासून आणि वर वितळलेले शिसे ओतून केलेले होते. शिसे वितळवून काढण्याची मिस्त्रींची तयारी होती, पण मी ती थांबवली. छन्नीने जोड फोडून शिसे घनरूपातच काढले आणि सर्वांना जेवणापूर्वी साबणाने हात धुवायला सांगितले. गच्चीवरील वायुनळाचा वरचा तुकडा ॲस्बेस्टॉस सिमेंटचा निघाला. तो करवतीने न कापता पाण्याने भिजवून जोडाशी अखंड सोडवला आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खाली आणला.

नवे नळ 110 मिलिमीटरचे, मैलापाण्यासाठीच्या ‘बी’ प्रकाराचे आहेत. ‘ए’ प्रकार पावसाच्या पाण्यासाठी असतो आणि दुकानात दोन्ही शेजारी उभे असतात. न्हाणीघरांत देशभरचे प्लंबर ज्याला आपल्याच न्हाणी शब्दावरून न्हाणी ट्रॅप म्हणतात ते, म्हणजे साठलेल्या पाण्याने वास अडवणारे जाळीखालचे सापळे, 50 मिलिमीटर पाणी धरणारे बसवले. जुन्यांत जेमतेम इंचभर पाणी उरत होते आणि उन्हाळ्यात घरात येणारा वास त्यातून येई.

6 मार्च 2024

पालिकेच्या वाहिनीवरील फेरूलपासून, म्हणजे आमच्या जोडणीच्या तोंडापासून, आमच्या हौदापर्यंतचा नळ परवानाधारक प्लंबरकडून बदलून घेतला. पाणी आल्यावर पहिली पाच मिनिटे वास येतो, ही तक्रार दोन वर्षे होती आणि आम्ही ती पालिकेकडे पाठवत होतो. खणल्यावर दिसले की आमचाच अर्ध्या इंची नळ आमच्याच ड्रेनेज चेंबरमधून आरपार जात होता आणि चेंबरमधल्या भागात त्याला तीन भोके होती. पाणी चालू असताना ते भोकांतून बाहेर जाते. पुरवठा बंद झाला की नळ रिकामा होताना चेंबरमधले पाणी आत ओढले जाते, आणि दुसऱ्या दिवशी तेच सर्वांत आधी हौदात पडते. नवा नळ चेंबरला वळसा घालून, त्याच्या पातळीच्या वरून नेला आहे. हौद आणि टाकी धुऊन घेतल्यावर क्लोरीन असल्यास पाणी पिवळे करणाऱ्या ऑर्थोटोलिडिनच्या थेंबांनी क्लोरीन तपासले. शेवटच्या घराच्या नळाला किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर अपेक्षित असते, तेवढा पिवळेपणा दुसऱ्या मजल्यावरही आला.

14 मार्च 2024

तोट्या काढून प्लग लावले, हातपंपाने 6 किलोचा दाब भरला आणि दोन तास काटा पाहत बसलो. पहिल्या मजल्याच्या नळाचा काटा अर्ध्या तासात उतरला. एक जोड सोल्युशन न लावता नुसताच बसवलेला होता, आणि साध्या वापराच्या दाबाला तो कदाचित वर्षभर टिकला असता. तो बदलून पुन्हा चाचणी घेतली, काटा हलला नाही.

दुसऱ्या मजल्यावरची 20 लिटरची बादली आता 1 मिनिट 50 सेकंदांत भरते, म्हणजे मिनिटाला सुमारे 11 लिटर. गणिताने सातपट पाणी यायला हवे होते, पण जुना नळ सगळीकडे सारखा तुंबलेला नव्हता आणि आता अडथळा नळाचा नसून तोटीचा आहे. त्या मजल्यावरील आजींनी पाणी जोरात येते म्हणून नळ नेहमीपेक्षा कमी सोडायला सुरुवात केली आहे.

24 जून 2024

पावसाचे तीन आठवडे झाले. तळमजल्यावरील न्हाणीघराचे छत कोरडे आहे. गिलावा अजून आतून ओला असल्याने दिवाळीपर्यंत रंग देऊ नये, असे कळवले आहे. नकाशाची एक प्रत दप्तरात आणि एक लॅमिनेट करून डक्टच्या दाराच्या आतील बाजूस लावली आहे.

घरातील काम नाकारलेल्या सभासदाचे जुने नळ तसेच आहेत. त्यांच्या फाट्यावर पितळी तोंडाचा जोड आणि लाल मुठीचा बॉल व्हॉल्व्ह बसवला आहे. खालच्या घराचे छत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाहायचे, असे तळमजल्यावरच्या कुटुंबाशी ठरले आहे. या महिन्यात ते कोरडे होते.